चार्ल्स कोरिया समजायचे असतील तर फोटो बाजूला ठेव, सेक्शन काढ

प्रश्न लांबलचक होता म्हणून आधी थोडक्यात परत मांडतो. तू आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, चार्ल्स कोरियांवर केस स्टडी करायची आहे, नेटवर फोटो बघितलेस आणि मुंबईचा कांचनजुंगा टॉवर सोडला तर बाकी सगळं तुला "ठीकच" वाटलं. मग विचारलंस की या माणसाचं एवढं कौतुक का, नवी मुंबई जर यांचीच आयडिया होती तर ती अशी का झाली, आणि आता जिकडेतिकडे एसी असताना त्यांच्याकडून शिकायचं काय. तुझ्यापेक्षा बराच मोठा आहे म्हणून एकेरीत बोलतो, चालवून घे.

तुला ते ठीकच वाटलं यात तुझं काही चुकलेलं नाही. कोरियांच्या बऱ्याच बिल्डिंग फोटोत मार खातात, कारण फोटो असतो एलेव्हेशनचा, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या बाजूचा, आणि या माणसाचं सगळं डोकं चालायचं सेक्शनमधे. बिल्डिंग उभी कापून बघितली की मग कळतं वारा कुठून शिरतो, तापलेली हवा कुठून निघून जाते, ऊन किती आत येतं, आणि माणूस कुठे जाऊन उभा राहिला की त्याला डोक्यावर आभाळ मिळतं. इतकी वर्षं साईटवर काढल्यावर माझं तरी मत असं झालंय की सेक्शनवर एवढी पकड असलेला दुसरा आर्किटेक्ट आपल्याकडे शोधायला कष्ट पडतील. अहमदाबादचे आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी, त्यांचे चाहते आता माझ्यावर तुटून पडतील, पडू देत.

आयुष्याची माहिती पटकन उरकतो, ती तुला कुठेही मिळेल. जन्म १ सप्टेंबर १९३० चा, सिकंदराबादचा, घराणं मूळ गोव्याचं. लहानपणी खेळण्यातल्या आगगाडीचं प्रचंड वेड, रूळ कसे टाकायचे याचे नकाशे काढत बसायचे, आणि ते वेड मोठेपणीही सुटलं नाही. मुंबईत सेंट झेवियर्स, मग अमेरिकेत मिशिगन, तिथे जिओडेसिक घुमटवाले बकमिन्स्टर फुलर शिकवायला होते, मग एमआयटीतून मास्टर्स, १९५५. परत येऊन १९५८ ला मुंबईत स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली आणि १६ जून २०१५ ला मुंबईतच गेले. मधे ब्रिटनचं आर्किटेक्चरसाठीचं रॉयल गोल्ड मेडल १९८४ ला, पद्मविभूषण २००६ ला वगैरे वगैरे. बायको मोनिका कोरिया, त्या विणकाम करणाऱ्या नावाजलेल्या कलाकार. हे सगळं शीटच्या कोपऱ्यात दोन ओळीत टाक, त्यावर पान घालवू नकोस.

आता कामाकडे. सुरुवात साबरमतीपासून कर, अहमदाबादचं गांधी स्मारक संग्रहालय, १९५८ ते ६३. काम मिळालं तेव्हा वय किती तर २८ च्या आसपास. समोर गांधीजींचं स्वतःचं राहतं घर, म्हणजे तिथे भव्यदिव्य काही केलं तर लाज निघणार. त्यांनी काय केलं, ६ मीटर बाय ६ मीटरचा एक चौरस घेतला, चार कोपऱ्यांना विटांचे खांब, वर उतरतं कौलारू छप्पर, आणि हा चौरस नुसता मांडत गेले, काही ठिकाणी भिंती घालून खोली केली, काही ठिकाणी उघडा ठेवला, मधे एका चौकात पाणी. खिडक्यांना काच नाही, लाकडी झडपा आहेत. इथपर्यंत कोणीही सांगेल. मला विचारशील तर त्या बिल्डिंगची खरी गंमत बीममधे आहे. खांबांवरून जाणारा काँक्रीटचा बीम वरून उघडा आहे, पन्हळीसारखा, म्हणजे दोन्हीकडच्या कौलांचं पाणी त्यात पडतं आणि तो बीमच ते वाहून बाहेर नेतो. एकच वस्तू छप्परही तोलते, पावसाचं पाणीही नेते, आणि उद्या शेजारी अजून एक चौरस वाढवायचा झाला तर त्यालाही तोच बीम आधार द्यायला तयार. सेक्शन काढल्याशिवाय हे दिसत नाही, फोटोत ती एक राखाडी पट्टी दिसते फक्त.

त्याच काळातलं दुसरं काम ट्यूब हाऊस, तेही अहमदाबादलाच. गुजरात हाउसिंग बोर्डाची स्पर्धा होती, कमी उत्पन्नवाल्यांसाठी घरं, आणि अपेक्षा होती जिना चढून जायच्या फ्लॅटची. कोरियांनी दाखवून दिलं की तेवढीच माणसं तेवढ्याच जागेत बैठ्या घरात बसतात. घर ३.६ मीटर रुंद आणि १८.२ मीटर लांब, अक्षरशः नळी, दोन्ही लांब भिंती शेजाऱ्यांना चिकटलेल्या म्हणजे ऊन लागायला फक्त टोकं आणि छप्पर उरलं. छताला आतून उतार दिला, तापलेली हवा उताराने वर सरकते आणि माथ्यावरच्या फटीतून निघून जाते, तिच्या जागी दाराजवळच्या झडपांतून ताजी हवा आत ओढली जाते. आत खोल्यांना दारं जवळपास नाहीतच, आडोसा पातळ्या वरखाली करून दिलाय. विजेचा एक युनिट न जाळता हवा खेळती. १९९५ ला ते घर पाडलं, आता ड्रॉइंग आणि जुने फोटोच उरलेत, पण ती ड्रॉइंग ट्रेस करून बघ, दोन तासांचं काम आहे, सेमिस्टरभर उपयोगी पडेल. जमलं तर अहमदाबादच्याच पारेख हाऊसचंही सेक्शन बघ, तिथे एकाच घरात उन्हाळ्याच्या दुपारचा भाग वेगळा आणि हिवाळ्याचा, उन्हाळी संध्याकाळचा भाग वेगळा केलाय, एक वर निमुळता होत जाणारा, दुसरा वर उघडत जाणारा.

आता कांचनजुंगा, जे तुला आवडलंय, पण मला शंका आहे की चुकीच्या कारणासाठी आवडलंय. १९७० ला सुरू झालं, १९८३ ला पुरं झालं, कंबाला हिलला, उंची ८४ मीटर, प्लॅन २१ मीटर बाय २१ मीटर, आणि त्यात ३२ च फ्लॅट. स्ट्रक्चर शिरीष पटेलांचं. सगळे जण कोपऱ्यातले ते रंगीत खड्डे बघतात आणि म्हणतात वा काय कॉम्पोझिशन आहे. कॉम्पोझिशन आहेच, पण ते आलं कुठून ते बघ. मुंबईत एक मोठी पंचाईत आहे. समुद्र पश्चिमेला, वारा पश्चिमेकडून, व्ह्यू पश्चिमेला. म्हणजे घर तिकडेच तोंड करून हवं. पण दुपारनंतरचं सगळं ऊनही तिकडूनच आणि पावसाळ्यात झडही तिकडूनच. जे हवं आणि जे नको ते एकाच दिशेने येतं. जुन्या बंगल्यांनी यावर उत्तर काढलं होतं, घराभोवती व्हरांडा गुंडाळायचा, म्हणजे ऊन-पाऊस व्हरांड्यावर थोपतो आणि वारा तेवढा गाळून आत येतो. कोकणातली पडवी तेच करते. पण टॉवरमधे व्हरांडा गुंडाळायचा कसा?

आधी त्यांनी मुंबईतच सोनमार्ग नावाच्या बिल्डिंगमधे एक प्रयत्न केला होता, साठच्या दशकात, तिथे बाहेरच्या बाजूला व्हरांडा, स्टडी, बाथरूम असा एक पट्टा ठेवून राहत्या खोल्या मागे घेतल्या. कांचनजुंगात तोच विचार पुढे नेला, व्हरांड्याची झाली दोन मजली उंच बाग, आणि ती ठेवली कोपऱ्यात म्हणजे दोन बाजूंनी उघडी. बागेवरचा स्लॅब ६.३ मीटर कॅन्टिलिव्हर, म्हणजे एकाच बाजूच्या आधारावर बाहेर काढलेला, त्याखाली कोपऱ्यात खांब नाही. आडव्या वाऱ्याचं आणि भूकंपाचं बळ मुख्यतः मधला कोअर, म्हणजे काँक्रीटचा गाभा, घेतो, आणि तो आधी वर चढवून मग बाकीची बिल्डिंग त्याभोवती आली. फ्लॅट सरळ एकावर एक नाहीत, सेक्शनमधे एकमेकांत अडकवलेत, पातळ्या थोड्या वरखाली, म्हणून एकाला दोन मजली बाग मिळते तेव्हा दुसऱ्याचं काही जात नाही.

आता इथे एक हिशोब कर, हा केस स्टडीत टाकलास तर तुझं शीट बाकीच्या वर्गापेक्षा वेगळं दिसेल. मुंबई साधारण १९ अंश अक्षांशावर आहे. मार्च किंवा सप्टेंबरच्या २१ तारखेच्या आसपास, सौर वेळेप्रमाणे दुपारी ४ ला सूर्य क्षितिजापासून २८ अंशांवर असतो आणि जवळजवळ सरळ पश्चिमेला. आपण सगळे घालतो तो ६० सेंटीमीटरचा छज्जा तेव्हा किती सावली देतो? जेमतेम ३२ सेंटीमीटर. म्हणजे खिडकीचा वरचा फूटभर भाग, बाकी सगळी खिडकी भाजून निघते. पश्चिमेला छज्जा हा निव्वळ मनाचं समाधान आहे, पावसाला थोडा उपयोगी पडतो इतकंच. आता तोच हिशोब ६.३ मीटरला लाव, सावली उतरते ३.३ मीटरच्या वर. म्हणजे दोन मजली बागेच्या मागच्या भिंतीतला वरचा मजला त्या वेळेला सावलीत असतो आणि खालच्यावर ऊन आलं तरी ते मधल्या बागेत अडत अडत येतं. पाच साडेपाचला सूर्य आणखी खाली गेला की मग काही इलाज नाही, पण तोपर्यंत उन्हाचा जोर ओसरलेला असतो आणि वारा सुटलेला असतो, तेव्हा लोक त्या बागेत जाऊन बसतात. त्यासाठीच ती आहे. रंग आणि खड्डे ही या सगळ्यातून आपोआप आलेली गोष्ट आहे, आधी खड्डे काढून मग त्याला कारण चिकटवलेलं नाही.

लोक लगेच म्हणतात की श्रीमंतांची बिल्डिंग, ज्यांना परवडतं ते करणार. ते बरोबर आहे, आणि आजचा बिल्डर हे का करत नाही याचं उत्तरही पैशातच आहे. मुंबईत जानेवारी २०१२ ला नियम बदलले, बाल्कनी, फ्लॉवर बेड, असले सगळे प्रकार एफएसआयमधे, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या मर्यादेत, मोजायला लागले आणि त्या बदल्यात निवासी बिल्डिंगला ३५ टक्के फंजिबल, म्हणजे जास्तीचा एफएसआय, दिला. कारण आधी बाल्कनी फुकटात मिळायची आणि पझेशन झालं की लोक ती स्लायडिंग लावून बंद करून खोलीत ओढून घ्यायचे, सगळ्यांनाच ते माहीत होतं. नियमामागचा हेतू समजतो, पण परिणाम असा झाला की उघड्या जागेचा आणि बंद खोलीचा भाव एकच झाला, मग उघडी जागा कोण देणार. माझ्या एका क्लायंटने मी भांडून ठेवलेला सात फुटी टेरेस ताबा मिळाल्यावर महिन्याभरात काचेने बंद केला आणि वर मला फोन करून विचारलं की हॉल एवढा तापतो का.

इथे मला जो मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो सांगतो. कोरिया "ओपन टू स्काय" म्हणतात ते ऐकलं की पोरांना वाटतं ही काहीतरी कविता आहे, आभाळ, अध्यात्म वगैरे. तसं काही नाही, सुरुवातीला तरी तो निव्वळ हिशोब होता. आपल्या हवेत वर्षातले कितीतरी महिने, दिवसातले कितीतरी तास माणूस उघड्यावर आरामात राहू शकतो, स्वयंपाकाची पूर्वतयारी, पोरांचं खेळणं, पापड वाळत घालणं, रात्री झोपणं. मग अंगण ही एक खोलीच झाली, जिला ना स्लॅब लागतो ना छप्पर. गरिबाला खोली बांधून देण्यापेक्षा अंगण देणं कितीतरी स्वस्त. पण अंगण जमिनीवर मिळतं, सातव्या मजल्यावर नाही, म्हणून गरिबांची घरं उंच बांधणं हा उलटा धंदा आहे, त्यात बांधकामाचा खर्च वाढतो आणि फुकटची खोली हातची जाते.

हे त्यांनी बेलापूरला करून दाखवलं. सिडकोचं, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीचं काम, १९८३ ते ८६, आता सगळे त्याला आर्टिस्ट व्हिलेज म्हणून ओळखतात, सेक्टर ८, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी. सात घरं एका चौकाभोवती, चौक साधारण ८ मीटर बाय ८ मीटर. असे तीन गट मिळून २१ घरं, त्यांच्यामधे १२ मीटर बाय १२ मीटरचा मोठा चौक, आणि असंच पुढे वाढत वाढत मधून जाणाऱ्या ओढ्यापर्यंत. प्रत्येक घर आपापल्या प्लॉटवर सुटं, शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, म्हणजे हातात पैसा आला की कोणालाही न विचारता वाढवा. शेजाऱ्याच्या बाजूला खिडकी नाही, म्हणजे तो वाढला तरी भांडण नाही. संडास मात्र दोन घरांचे जोडून, कारण पाइपलाइनचा खर्च वाचतो. आणि मला सगळ्यात धाडसी वाटते ती गोष्ट म्हणजे प्लॉटचे आकार: सगळ्यात गरीब कुटुंबाला ४५ चौरस मीटर आणि सगळ्यात वरच्या गटाला ७५. घराच्या किमती २० हजारांपासून १ लाख ८० हजारांपर्यंत, म्हणजे नऊपट फरक, पण जमिनीत फरक दुपटीपेक्षाही कमी. बांधकामात श्रीमंत-गरीब असू देत, जमिनीत फार असू नये, हे त्यांनी लेआउटमधेच बसवून टाकलं. घरं अशी की साधा गवंडी बांधेल आणि साधा गवंडीच वाढवेल.

आज जाशील तर मूळ घरं फार थोडी सापडतील. बाकीच्या ठिकाणी तीन-तीन मजली आरसीसी बंगले उभे राहिलेत, टाइल्स लावून, ग्रिल लावून, प्लॉटच्या कडेपर्यंत. काही लोक हे बघून म्हणतात प्रयोग फसला. मला तसं वाटत नाही, घर वाढवा असंच तर त्यांना सांगितलं होतं, ते त्यांनी केलं. फसलं ते एवढंच की वाढ किती आणि कशी याला आवर घालणारा नियम मागे कोणी ठेवला नाही, आणि जागेचे भाव असे वाढले की ज्यांच्यासाठी ती छोटी घरं होती ते विकून निघून गेले. चौक मात्र पुष्कळसे टिकलेत, त्यात गाड्या लागतात हे खरं, पण पोरं अजून तिथेच खेळतात. इमारत बदलली तरी मोकळी जागा राहिली यावरून त्यांनी नक्की काय डिझाईन केलं होतं ते कळतं.

अशाच जातीची अजून एक गोष्ट, बांधली गेली नाही म्हणून कोणी फारसं बोलत नाही. १९६८ चा फुटपाथचा प्रस्ताव, दादाभाई नौरोजी रोडसाठी. रस्त्याकडेला २ मीटर रुंद, अर्धा मीटर उंच असा सलग ओटा, ठरावीक अंतरावर पाण्याचा नळ. दिवसा त्यावर फेरीवाले बसतील, चालणाऱ्यांना बाजूला मोकळी वाट. संध्याकाळी दुकानं उठली की नळ सोडून ओटा धुवायचा आणि रात्री ज्यांना झोपायला जागा नाही ते त्यावर झोपतील. डिझाईन काय, एक ओटा आणि नळ. पण एकाच जागेचे दिवसाचे तास वाटून घेतलेत, पारेख हाऊसमधे श्रीमंताच्या घरात जे केलं तेच इथे फुटपाथवर. अजूनही मुंबईत फेरीवाल्यांचा प्रश्न निघाला की मला हा ओटा आठवतो, महापालिकेला मात्र आठवत नाही.

आता नवी मुंबई. आयडिया एकट्या कोरियांची नव्हती, आर्किटेक्ट प्रवीणा मेहता, इंजिनिअर शिरीष पटेल आणि कोरिया असे तिघं होते. १९६४ च्या सुमाराला मुंबईचा डेव्हलपमेंट प्लॅन आला, त्यात शहर उत्तरेकडेच लांबत जाणार असं गृहीत होतं. म्हणजे सगळी ऑफिसं दक्षिण टोकाला, घरं वर वर, आणि रोज सकाळी सगळी जनता एका दिशेला, संध्याकाळी उलट्या. या तिघांचं म्हणणं असं की खाडीपलीकडे जा, तिथे नोकऱ्या न्या, म्हणजे शहर लांबट पट्टीऐवजी बंदराभोवती वर्तुळासारखं होईल. १९६५ ला 'मार्ग' मासिकात ते छापून आलं, मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली, आणि सत्तरच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात कोरिया तिथे चीफ आर्किटेक्ट होते. पैशाचं गणितही होतं: शेतजमीन सरकारने घ्यायची, रस्ते-पाणी देऊन तिचा भाव वाढवायचा, आणि तो वाढलेला भाव मधल्यामधे कोणाच्या खिशात न जाता शहरालाच परत घालायचा.

मग बिघडलं कुठे? सगळ्यात आधी मंत्रालयात. सरकार स्वतः पलीकडे जाईल, मग बाकीची ऑफिसं मागे येतील हा प्लॅनचा कणा होता. सरकार गेलं नाही. उलट त्याच वर्षांत नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून अजून ऑफिसं उभी केली, म्हणजे ज्या टोकाची गर्दी कमी करायची त्याच टोकाला अजून नोकऱ्या. वाशीचा पूल १९७३ ला झाला पण रेल्वे वाशीला पोचली १९९२ ला. वीस वर्षं आधी लोकांना राहायला पाठवायचं आणि लोकल नंतर द्यायची, याला प्लॅनिंग म्हणत नाहीत, आणि हे काही आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमधे नव्हतं.

पण सगळा दोष सरकारवर ढकलून कोरियांना मोकळं सोडायचं नाही. ज्या जमिनीच्या वाढत्या भावावर हे गणित उभं होतं ती जमीन रिकामी नव्हती. ९५ गावं होती, आगरी आणि कोळी समाज, भातशेती, मिठागरं, मासेमारी. भाव वाढणार तो शहराला मिळणार, मग ज्याची जमीन त्याला काय? याचं धड उत्तर प्लॅनमधे नव्हतं. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईचं आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं धोरण आलं. बेलापूरच्या लेआउटमधे जमिनीच्या समान वाटपाचा एवढा बारीक विचार करणारा माणूस, शहराच्या पातळीवर मूळ मालकाचा वाटा त्याच्या आकृतीत येत नाही, हे मला खटकतं. कॉलेजात हे शिकवत नाहीत, तू लिही.

मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या जमिनीचं प्रकरण तसंच. १९९६ ला सरकारने कोरियांच्या अध्यक्षतेखाली कमिटी नेमली, शहराच्या मधे एवढी मोठी सलग जमीन मोकळी होतेय तर सगळ्या गिरण्यांचा एकत्र विचार करून बागा, घरं, रस्ते बसवू असा त्यांचा सूर. १९९१ चा नियम साधारण असा होता की एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला. २००१ ला दुरुस्ती झाली की वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, ज्यावर गिरणीचं बांधकाम आहे ती सोडून. गिरणीत रिकामी जमीन असते किती! २००६ ला सुप्रीम कोर्टानेही ती दुरुस्ती मान्य केली. लोअर परळला आज उड्डाणपुलावर अडकलास की आजूबाजूला बघ, उत्तर समोर आहे.

नंतरच्या काळातल्या बिल्डिंगबद्दल माझं मत थोडं मिश्र आहे. जयपूरचं जवाहर कला केंद्र, १९८६ ते ९२, ३० मीटरचे नऊ चौरस, नऊ ग्रह, आणि जयसिंगाच्या जयपूरमधे डोंगरामुळे एक चौरस सरकला तसा इथेही एक सरकवलेला. भूमिती झकास आहे, पण कुठल्या ग्रहाला कुठलं दालन हे वाचून दाखवावं लागतं, न वाचणाऱ्याला ते लागू होत नाही. दिल्लीची कॅनॉट प्लेसजवळची एलआयसीची जीवन भारती तर मला कधी पटलीच नाही, दिल्लीच्या उन्हात एवढी काच आणि तीही या माणसाकडून. पुण्याची आयुका, ती खगोलशास्त्राची संस्था, मात्र जमलीय. नारळीकर संचालक होते, म्हणजे क्लायंटच तसा. गणेशखिंडीतल्या त्या कॅम्पसमधे भिंत जवळून बघ, खाली आपला काळा बेसॉल्ट, वर कडप्पा, त्याच्या वर गुळगुळीत काळा ग्रॅनाइट, ज्यात आभाळाचं प्रतिबिंब पडतं, म्हणजे भिंत वर जाता जाता संपून जाते. मधे कुंड, आर्यभट, न्यूटन, गॅलिलिओ, आइन्स्टाइन यांचे पुतळे. इथेही प्रतीकं आहेत, पण ती माहीत नसतील तरी कुंडाच्या पायरीवर बसायला चांगलं वाटतं, हा फरक.

राहिला एसीचा प्रश्न. एसी काही जाणार नाही, मीही लावतो, भारतात तर अजून वाढणार. पण एसीला किती उष्णता बाहेर फेकायची आहे हे सेक्शनच ठरवतं. पश्चिमेला काच लावून चार टनाचं मशीन बसवायचं की भिंत सावलीत ठेवून दोन टनात भागवायचं, आणि मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी ते बंद करून बाहेर येऊन बसायला जागा ठेवायची की नाही, हा निर्णय अजून तुझ्याच पेन्सिलीत आहे. सगळीकडे त्यांची कॉपी करायला जाऊ नकोस, मुंबईत जे चालतं ते नागपुरात चालेलच असं नाही, कोरडी हवा, रात्री तापमान उतरतं, तिथे अहमदाबादची घरं जास्त जवळची. दमट हवेत वारा हवा, कोरड्या हवेत सावली आणि जाड भिंत हवी. ट्यूब हाऊस आणि कांचनजुंगा शेजारी शेजारी काढलंस तर एकाच माणसाने दोन हवांना दोन वेगळी उत्तरं दिलेली दिसतील.

केस स्टडीला तीन पुरेत: ट्यूब हाऊस, कांचनजुंगा, बेलापूर. कांचनजुंगात आत सोडणार नाहीत, रस्त्यावरून बघ आणि ड्रॉइंगवरून काम कर. बेलापूरला सकाळी लवकर जा, लोकांची राहती घरं आहेत, विचारल्याशिवाय फोटो काढू नकोस, आणि एका चौकाचं आज प्रत्यक्षात माप घे, किती उरलाय, घरं किती मजल्यांची झालीत ते मूळ प्लॅनवर दुसऱ्या रंगात टाक. वाटेत वेळ असेल तर दादरचं पोर्तुगीज चर्च बघ, सत्तरच्या दशकातलं त्यांचंच काम आहे, शेलसारख्या छपरातून उजेड आणि हवा कशी घेतलीय ते आत उभं राहून वर बघितलं की कळतं. आणि प्रत्येक सेक्शनवर पश्चिम कुठली, दुपारी ४ चा सूर्य किती अंशावर आणि वारा कुठून, एवढं तरी काढ. मी जुरीला, म्हणजे विद्यार्थ्यांची कामं तपासायला, जातो तिथे निम्म्या शीटवर साधा नॉर्थचा बाणही नसतो.